पहिला मिररलेस कॅमेरा: कासची फुलं, घरातले कार्यक्रम, बजेट ९० हजार. बॉडी कुठली, लेन्स कुठल्या?

शाहूपुरी_सातारा
नमस्कार मंडळी. आतापर्यंत सगळं फोनवर भागवलं, आता पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायचा आहे. बॅग, कार्ड, जादा बॅटरी असं सगळं धरून ९०,००० रुपयांपर्यंत जाता येईल.

मुख्य ओढ कासची. तेरडा-सोनकीचा गालिचा फोनवर छान येतो, पण सीतेची आसवं किंवा गेंद जवळून घ्यायला गेलं की फोकस मागच्या गवतावर जातो. त्याखालोखाल घरातली बारशी, डोहाळजेवणं, साखरपुडे. हे सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात, दाटीवाटीच्या खोलीत. मग अजिंक्यतारा, सज्जनगड, ठोसेघर हे येता-जाता. पुढं कधीतरी मायणीकडचे पक्षी, त्याची घाई नाही. व्हिडिओ जवळजवळ नाहीच.

यादीत तीन आहेत: कॅनन आर५० दोन लेन्सच्या किटसह (१८-४५ आणि ५५-२१० मिमी), निकॉन झेड५० दोन लेन्ससह (१६-५० आणि ५०-२५०, हा वापरलेला मिळतोय) आणि सोनी ए६४००. दुकानात सांगतात की फुल फ्रेमच (मोठ्या सेन्सरचाच) घ्या, म्हणजे पुढं बदलावा लागणार नाही. मामांकडं निकॉनची जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स पडून आहे, त्यामुळं मन निकॉनकडं झुकतंय. काय करावं?

जांभ्याचा_सडा
ताई, तुमच्या गरजांमध्ये सगळ्यात अवघड आहे ते बारीक फूल, त्यामुळं निवड तिथून सुरू करा. बॉडी शेवटी ठरवा. तिन्ही बॉडींचे सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान मापाचे आहेत आणि कासच्या उजेडात तिघांच्या फोटोंत डोळ्याला जाणवेल असा फरक पडत नाही. फरक पाडते ती लेन्स किती जवळ जाऊ देते ही गोष्ट.

लेन्सच्या माहितीपत्रकात ‘कमाल मॅग्निफिकेशन’ म्हणून एक आकडा असतो. दुकानात तो कुणी सांगत नाही, पण तुमच्यासाठी तोच सगळ्यात कामाचा. कॅननच्या ५५-२१०चा आकडा ०.२८ आहे, निकॉनच्या ५०-२५०चा ०.२३. आता सीतेच्या आसवांचं १ सेंमीचं फूल घ्या. ०.२८ला ते सेन्सरवर २.८ मिमी पडतं. आर५०चा सेन्सर २२.३ मिमी रुंद आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद. म्हणजे फुलाच्या वाट्याला जेमतेम ७५० पिक्सेल, चौकटीचा आठवा हिस्सा. तेरड्याला, कवल्याला हे पुरतं. आसवांना आणि गेंदाच्या एकेका फुलाला पुरत नाही.

यावर स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे लेन्सच्या पुढं फिल्टरसारखी आटे फिरवून बसणारी क्लोज-अप लेन्स. +३ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाचा नंबर, चष्म्यासारखा) घ्या. हिशोब सोपा: फोकल लेंथ गुणिले डायॉप्टर भागिले १०००. २१० मिमीवर +३ लावली की लेन्स अनंतावर ठेवूनही ०.६३ मिळतं, आणि फुलापासून लेन्सच्या तोंडापर्यंत सुमारे ३३ सेंमी अंतर राहतं. कासला हे अंतर फार मोलाचं आहे. तिथली बरीच फुलं जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत उगवतात. चांगला फोटो हवा म्हणून वाट सोडून आत पाय टाकला की पुढच्या वर्षीचं बी तिथंच चिरडलं जातं. वाटेच्या कडेला उकिडवं बसून घेता येतो तोच फोटो आपला.

क्लोज-अप लेन्स घेताना दोन भिंगं चिकटवून केलेली, अॅक्रोमॅट म्हणतात ती, घ्या. चार नगांचा संच म्हणून स्वस्तात मिळतात त्या एकाच भिंगाच्या असतात. कडा मऊ येतात आणि पांढऱ्या पाकळ्यांना जांभळी किनार लागते. आटे मोजून घ्या: कॅनन ५५-२१०ला ५५ मिमी, निकॉन ५०-२५०ला ६२ मिमी. ६२ची घेऊन ५५-६२ची स्टेप-अप रिंग लावली तर पुढं लेन्स बदलली तरी ती वाया जात नाही. आणि ती लावलेली असताना ३३ सेंमीच्या पलीकडचं काहीच फोकस होणार नाही. समोरच्या डोंगराचा फोटो धूसर आला तर लेन्स बिघडली असं समजू नका, आधी क्लोज-अप काढा.

एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) हा दुसरा मार्ग. ५० मिमीच्या लेन्सवर चांगला चालतो: कॅननची आरएफ ५० एफ/१.८ स्वतः ०.२५ देते, १८ मिमीची ट्यूब लावली की साधारण ०.६. पण फुलाच्या फार जवळ जावं लागतं, सावली पडते आणि उजेडही घटतो. १८-४५ला ट्यूब लावू नका. १८ मिमीवर फोकस लेन्सच्या काचेलाच जाऊन चिकटतो.

माझं मत: आर५०, दोन लेन्सचं किट, +३ अॅक्रोमॅट. फुल फ्रेमचा विषय सध्या सोडून द्या. बॉडी कशीबशी बजेटमध्ये बसेल, पण तेवढ्याच पोहोचीची लेन्स महाग आणि जड. फुलं आणि पक्षी या दोन्हींना छोटा सेन्सर उलट सोयीचा.

हरिपूरकर
फुलांचं वर छान आलंय, त्यात भर नाही. मी घरातल्या कार्यक्रमांबद्दल लिहितो, कारण तिथंच पहिल्या कॅमेऱ्यावर लोक नाराज होतात.

आधी मामांची लेन्स. ती डी मालिकेतली, म्हणजे लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. जुन्या डीएसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) बॉडीतली मोटर ती फिरवायची. झेड५०वर ती एफटीझेड अडॅप्टरनं (निकॉनच्या जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवणारी जोडकडी) बसते, अॅपर्चर आणि मीटर चालतात, पण अडॅप्टरमध्येही मोटर नाही. फोकस हातानंच. स्थिर वस्तूला फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगीत दाखवणारी सोय) लावून चालून जाईल, बारशातल्या बाळाला नाही. एका लेन्ससाठी अडॅप्टर आणि ब्रँड दोन्ही ठरवू नका.

दुसरं, ‘५० मिमी एफ/१.८ घ्या, घरात उत्तम’ असा सल्ला सगळीकडं मिळतो. तो अर्धाच खरा. उजेडाचं गणित बरोबर आहे: एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त; किट लेन्स ४५ मिमीवर एफ/६.३ देते, त्यापुढं एफ/१.८ला १२ पट प्रकाश मिळतो. ६४०० आयएसओचं (आयएसओ वाढवला की कमी उजेडात भागतं, पण फोटो दाणेदार होतो) काम ५००-६००वर होतं. पण जागेचं गणित बघा. कॅननच्या एपीएस-सीवर ५० मिमी लावून ३ मीटरवर उभं राहिलं की चौकटीत १.३ मीटर रुंदी येते. बाळ आणि आई, बस. पाळण्याभोवतीच्या सहा-सात बायका घ्यायच्या तर ३ मीटर रुंदी हवी, त्यासाठी पावणेसात मीटर मागं जावं लागेल. म्हणजे तुम्ही अंगणात. १८ मिमीवर तेच ३ मीटरवरून पावणेचार मीटर मावतं. त्यामुळं घरात किट लेन्स आणि छतावर मारलेला फ्लॅश ही जोडी ५० मिमीपेक्षा कितीतरी जास्त फोटो देते. छत पांढरं आणि दहा-अकरा फुटांवर असलं की एफ/५.६, १/१०० सेकंद, आयएसओ ८०० इथून सुरुवात करा. फ्लॅशचं डोकं सरळ समोर नको. वर आणि किंचित मागं. पत्र्याच्या किंवा रंगीत छताखाली हे चालत नाही, सगळ्यांच्या चेहऱ्यावर छताचा रंग उतरतो. तिथं बाजूची पांढरी भिंत शोधा.

आणि इथंच आर५०ची एक अडचण. तिच्या हॉट-शूला (कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेला) जुन्या पद्धतीचे मधले संपर्क नाहीत, फक्त पुढच्या कडेचे डिजिटल संपर्क आहेत. बाजारातले बहुतेक फ्लॅश आणि ट्रिगर तिच्यावर तसेच लावून पेटत नाहीत, कॅननचा एडी-ई१ अडॅप्टर लागतो. कॅननच घ्यायचा तर वरचा आर१० बघा: नेहमीचा शू, दोन डायल, बॅटरी तीच. झेड५०ला नेहमीचा शू आणि छोटा फ्लॅश दोन्ही आहेत. तुमच्या यादीतला निम्मा भाग कार्यक्रमांचा आहे, म्हणून मी झेड५०च्या बाजूनं.

मंगल कार्यालयात एलईडी दिवे असतील तर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वापरलं की बहुतेक वेळा जातात. मेन्यूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

शाहूपुरी_सातारा
दोघांचेही आभार. मॅग्निफिकेशनचा आकडा कधी बघितलाच नव्हता. झेड५० वापरलेला घ्यायचा तर हातात घेऊन नेमकं काय तपासायचं? आणि आमच्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. कॅमेऱ्याचं काय होईल?

ए६४००_मिरज
आधी सोनीबद्दल दोन ओळी, कारण तो कुणी विचारातच घेतला नाही. ई-माउंटला (सोनीच्या लेन्स-जोडणीला) इतर कंपन्यांच्या लेन्स सगळ्यात जास्त आणि सगळ्यात आधीपासून आहेत. सिग्माची १८-५० एफ/२.८ ही २०२१ पासून मिळते, वजन २९० ग्रॅम, आणि १८ मिमीवर १२ सेंमीपर्यंत जवळ जाते. तुमच्या घरातल्या कार्यक्रमांना ती एकटी पुरेल. कॅनन आरएफला ही लेन्स २०२४ मध्ये आली, त्यामुळं ती वाट आता तिथंही मोकळी आहे. ए६४००चा तोटा जुनी एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी; दोन तरी जादा लागतात. पण नवीन बॉडी आणि ही लेन्स मिळून ९० हजारांच्या बाहेर जाईल असं धरून चाला.

वापरलेला कॅमेरा तपासायचा तो दिवसा, बाहेरच्या उजेडात, आपलं कार्ड घेऊन. एफ/१६ ठेवा, मॅन्युअल फोकस, पांढऱ्या ढगाचा फोटो काढा आणि पूर्ण मोठा करून सगळ्या कोपऱ्यांत फिरवा. फुगीर राखाडी ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. प्रत्येक फोटोत त्याच जागी तीक्ष्ण कडेची रेघ दिसली तर तो ओरखडा. तिथं व्यवहार थांबवा. मग लेन्सची टोपी लावून आयएसओ ८००ला ३० सेकंदांचा फोटो: चार-दोन रंगीत ठिपके चालतात, आभाळभर चांदण्या नकोत.

लेन्स काढून फोनच्या टॉर्चसमोर तिरकी धरा, उजेड मागून येऊ द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी. ‘फोटोत दिसत नाही’ हे खरं असेलही, पण ती वाढते, घेऊ नका. झूम आणि फोकसची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मध्ये अडकायला नको. माउंटचे स्क्रू बघा. खाचा झिजलेल्या असतील तर कुणीतरी उघडली आहे. सगळ्या कोपऱ्यांत फोकसचा चौकोन नेऊन फोकस होतो का बघा, स्क्रीनचं बिजागर पूर्ण उघडून-मिटून बघा, बॅटरी काढून सपाट जागेवर ठेवा. डुगडुगली तर फुगलेली आहे. झेड५०चं चार्जिंगचं भोक मायक्रो-यूएसबीचं आहे, टाइप-सी नव्हे. केबल सैल बसत नाही ना, तेही पाहा.

निकॉनच्या फोटो फाइलमध्ये शटर किती वेळा उडालं तो आकडा नोंदलेला असतो. विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेली मूळ फाइल घ्या आणि एक्झिफटूलमध्ये (फोटोतली लपलेली नोंद दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आली तर ही नोंद गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून मागवा. कॅननच्या फाइलमध्ये हा आकडा सहसा सापडत नाही. नवीन घेणार असाल तर जीएसटीचं बिल आणि त्यावर बॉडीवरचाच सिरियल नंबर आहे ना, हे काउंटरवरच बघा. स्वस्तात मिळणाऱ्या बाहेरून आलेल्या मालाला भारतातली वॉरंटी लागत नाही.

बुरशीबद्दल: तुम्ही सांगताय तशा घरात कॅमेरा बॅगेत ठेवायचाच नाही. फोम आणि कापड ओल धरून ठेवतात, चामड्याची केस तर त्याहून. स्वयंपाकघरात मिळतो तसला रबरी कडेचा, चार बाजूंनी क्लिप लागणारा १० लिटरचा डबा, त्यात जाळीच्या पिशवीत २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ३०च्या खाली नको, रबर आणि वंगण सुकतं. जेल नारिंगी रंगाची घ्या. ओल धरली की हिरवी होते. ओटीजीत ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास ठेवली की पुन्हा नारिंगी होते. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, लहान मूल असलेल्या घरात ती नको. आणि तांदूळ घालू नका, त्याची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

जांभ्याचा_सडा
हरिपूरकरांचा हॉट-शूचा मुद्दा मला मान्य आहे. बाहेरचा फ्लॅश हे तुमचं पक्कं असेल तर आर५०च्या ऐवजी आर१० किंवा झेड५० घ्या. फक्त पक्ष्यांचं लक्षात ठेवा: आर५० आणि आर१०चा ऑटोफोकस पक्ष्याचा डोळा ओळखतो, झेड५०चा प्राण्यांचा फोकस कुत्र्या-मांजरांपुरता आहे. पोहोचीत मात्र निकॉन पुढं, फुल फ्रेमच्या मापात ३७५ मिमी. कॅननचे २१० म्हणजे ३३६. मायणीला दोन्ही कमीच पडतील, पण शिकायला पुरे.

झेड५० घेतलात तर क्लोज-अपचं गणित तेच. २५० मिमीवर +३ म्हणजे ०.७५.

कुठलीही बॉडी घ्या, बजेटमधले १२ ते १५ हजार आधी बाजूला काढा: क्लोज-अप, एक जादा बॅटरी, ६४ जीबीची व्ही३० (वेगाचा दर्जा) दोन कार्डं, हवेचा फुगा, वरचा डबा. १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ची दोन बरी, एक बिघडलं तरी दिवस वाया जात नाही. कार्ड आणलं की एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपासा. नकली कार्डावर लिहिलेली जागा ६४ची असते, आत खरी कितीतरी कमी. फोटो काढताना काही कळत नाही, घरी उघडताना कळतं.

कासला पहिल्यांदा जाताना हे करून बघा. मोडचा डायल एमवर (मॅन्युअल), एफ/११, १/५०० सेकंद, आयएसओ ऑटोवर आणि कमाल मर्यादा ६४००. ढगाळ उजेडात कॅमेरा १६०० ते ३२०० निवडेल, घाबरू नका. रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) घेतलेला दाणेदार फोटो सुधारतो, हललेला सुधारत नाही. लेन्सचं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, वाऱ्यावर डोलणारं फूल नाही. ०.६वर फूल १ मिमी हललं तर सेन्सरवर दीडशेच्या वर पिक्सेल सरकतं. पठारावर वारा लाटांनी येतो, दोन लाटांच्या मध्ये क्षणभर फूल स्थिर होतं. कॅमेरा डोळ्याला लावून त्याची वाट बघा आणि चार-पाच फोटोंची लड सोडा.

०.६ला एफ/११वर जेमतेम एक-दोन मिमी खोली फोकसमध्ये येते. ऑटोफोकसनं फुलावर ढोबळ आणा, मग मॅन्युअलवर टाका आणि रिंग न फिरवता स्वतः तसूभर पुढं-मागं झुका. आसवाच्या मधोमधचा पिवळा-पांढरा ठिपका तीक्ष्ण दिसला की दाबा. सेन्सर फुलाच्या तोंडाला समांतर धरला तर तेवढ्या खोलीतही दोन्ही पाकळ्या बसतात. खोली वाढावी म्हणून एफ/२२ला जाऊ नका, सगळाच फोटो मऊ होतो. आर५० आणि आर१०मध्ये फोकस ब्रॅकेटिंग (फोकस थोडा थोडा सरकवत एकापाठोपाठ फोटो) आहे, पण ते वारा पडलेल्या सकाळीच कामाचं.

धुकं असेल तर एक्स्पोजर +०.७ करा, नाहीतर मीटर धुक्याला राखाडी करून टाकतो. तेरड्याच्या गुलाबीला उलट -०.३ ते -०.७. मीटर बरोबर दाखवत असतानाही लाल रंग एकटाच फुटलेला असतो आणि पाकळीवरच्या रेषा पुसल्या जातात, म्हणून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावून ठेवा. पावसाची सर आली की लेन्स बदलायची नाही. यवतेश्वरचा घाट चढण्याआधीच लांबची लेन्स लावून घ्या. परत येताना गाडीत एसी लावणार असाल तर कॅमेरा झिप पिशवीत बंद करून ठेवा आणि घरी पिशवीतच अर्धा-पाऊण तास राहू द्या. थंड काच दमट हवेत लगेच उघडली की तिच्यावर दव धरतं.